एकाच स्टोरेजमधल्या एका लनवरून दुसऱ्या लनवर कॉपी करायला दीड तास का लागतो? बॉक्सलाच कॉपी करायला सांगता येतं काय?

उद्यमबाग_सर्व्हररूम

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत एका कास्टिंग आणि मशीनिंगच्या कारखान्यात आयटीचं सगळं मी एकटाच बघतो. दोन ईएसएक्सआय होस्ट (व्हीएमवेअरचे सर्व्हर, त्यांच्यावर व्हीएम म्हणजे आभासी मशीनं चालतात), एक आयस्कझी स्टोरेज बॉक्स (नेटवर्कवरनं जोडलेली डिस्कांची पेटी, तिच्यातला एकेक वाटा म्हणजे लन), मध्ये 1 गिगाबिटचा स्विच, एवढाच संसार आहे. ईआरपीची (कारखान्याचा सगळा व्यवहार चालतो त्या सॉफ्टवेअरची) व्हीएम 300 जीबीची, थिक डिस्क, म्हणजे सगळी जागा आधीच अडवलेली. दर महिन्याला तिचा क्लोन, म्हणजे हुबेहूब कॉपी, काढून टेस्टिंगला द्यावा लागतो. क्लोन लावला की दीड तास हलत नाही, आणि त्या दीड तासात डिझाईनवाल्यांची ड्रॉइंगं उघडायला पण वेळ लागायलाय, स्टोअरमधून फोन, डिस्पॅचमधून फोन, सगळे माझ्याच नावानं. रात्री लावावं म्हटलं तर रात्रपाळी पण ईआरपीवरच असते की.

माझं डोकं इथं अडकलंय की सोर्स आणि डेस्टिनेशन दोन्ही डेटास्टोअर (लनवर केलेली व्हीएम ठेवायची जागा) एकाच बॉक्समध्ये, त्याच डिस्कांच्या रांगेत आहेत. मग डेटा बाहेर कशाला यायलाय? बॉक्सला सांगायचं, ह्या ब्लॉकपासून त्या ब्लॉकपर्यंत उचल आणि तिकडं ठेव, बास. असं काही असतं काय? इंग्रजीत वाचलं, पण कुठं एक्सकॉपी, कुठं व्हीएएआय, कुठं ओडीएक्स, डोक्यात नुसता गोंधळ झालाय. मराठीत कुणी सांगितलं तर बरं होईल.

शहापूरकर_सध्या_बेंगळुरात

अण्णा, असतं, आणि बरंच जुनं आहे. आधी दीड तास कुठं जातो ते सांगतो. तू क्लोन म्हणतोस तेव्हा होस्ट बॉक्सकडनं डेटा वाचतो, तो स्विचमधनं होस्टच्या मेमरीत येतो, आणि तोच डेटा परत स्विचमधनं बॉक्सकडं लिहायला जातो. म्हणजे 300 जीबीसाठी तारेवरनं 600 जीबीची ये-जा. 1 गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला 125 एमबी, प्रत्यक्षात 110 च्या आसपास मिळतं. जायची आणि यायची लेन वेगळी असते म्हणून दोन्ही एकदम चालतं, तरी सगळी लाईन तुलाच मिळाली असं धरलं तर 300 जीबीला 45 मिनिटं. त्याच लाईनवर ड्रॉइंगं, ईआरपी, सगळं चाललंय, मग दीड तास होणारच.

तू विचारतोयस त्याचं मूळ नाव स्कझी एक्स्टेंडेड कॉपी, कमांडचा नंबर 83 हेक्स. स्कझी म्हणजे होस्टनं डिस्कशी बोलायची भाषा, आयस्कझी म्हणजे तीच नेटवर्कवरनं. लोक एक्सकॉपी म्हणतात, डॉसमधल्या एक्सकॉपीशी त्याचा काही संबंध नाही. एसपीसी-2 नावाच्या 2001 च्या स्टँडर्डमध्येच ही आहे, तेव्हा डोक्यात बॅकअप होता, सर्व्हरला मध्ये न घेता डिस्कवरनं थेट टेपवर. होस्ट एक छोटी यादी पाठवतो: सोर्स लन हा, डेस्टिनेशन लन तो, इतक्या नंबरच्या ब्लॉकपासून इतके ब्लॉक. यादी काही बाइटांची, बॉक्स ती वाचून आत काम करतो आणि झालं म्हणून कळवतो. डेटा तारेवर येतच नाही.

व्हीएमवेअरनं 2010 मध्ये व्हीस्फिअर 4.1 पासून हे वापरायला घेतलं, त्याचं नाव व्हीएएआय. त्यात तीन गोष्टी आल्या होत्या, फुल कॉपी म्हणजे हेच, शून्यं लिहायचं काम बॉक्सवर सोपवणं, आणि लॉकिंग, म्हणजे दोन होस्टांनी एकदम तीच जागा बदलू नये म्हणून कुलूप. तू आधी बघ तुझ्या लनला हे लागू आहे काय. ईएसएक्ससीएलआयमध्ये (होस्टच्या कमांड लाईनवर) स्टोरेज, कोअर, डिव्हाइस, व्हीएएआय, स्टेटस, गेट असं मारलं की प्रत्येक लनपुढं क्लोन स्टेटस येतो. आणि तुझ्या लायसन्समध्ये ही सोय आहे काय तेही बघून घे.

निपाणी_वखार

शहापूरकरांनी बरोबर सांगितलंय, मी आमच्या भाषेत सांगतो. आमच्या इथं तंबाखूच्या वखारी. समजा एका वखारीत डाव्या खोलीतली पोती उजव्या खोलीत न्यायची हाईत. शेठ बसलाय बेळगावात. आता हमालांनी पोती ट्रकात भरून आधी बेळगावला शेठच्या दारात न्यायची, शेठनं बघायची, आणि परत ट्रक निपाणीला आणून उजव्या खोलीत उतरायची, असं कोण करतंय का? पण तुमचा क्लोन दर महिन्याला हेच करतोय. एक्सकॉपी म्हणजे शेठनं वखारीच्या दिवाणजीला फोन करायचा, डावीकडची एवढी पोती उजवीकडं लाव. हायवे मोकळा.

फक्त एक ध्यानात ठेवा, पोती उचलायची तेवढीच हाईत. हमालांचं काम कमी झालं नाही, ट्रकचं झालं. म्हणजे बॉक्समधल्या डिस्कांना वाचायचं आणि लिहायचं दोन्ही करावंच लागतंय. डिस्का आधीच भरगच्च कामात असतील तर नेटवर्क मोकळं असून पण ईआरपी हळू वाटंल.

शहापूरकर_सध्या_बेंगळुरात

एकदम बरोबर, निपाणीकर. त्याला जोड म्हणून, काही नव्या बॉक्समध्ये आत ब्लॉक फिरत पण नाहीत. ते ब्लॉक कुठं आहेत त्याचा नकाशा ठेवतात, कॉपी म्हटलं की नकाशात दुसरी ओळ घालतात आणि मोकळे. तिथं 300 जीबी डोळ्यासमोर होतं. साध्या रेड बॉक्समध्ये (नुसत्या एकत्र बांधलेल्या डिस्का, असा नकाशा नसलेल्या) मात्र हमाली आहेच.

उद्यमबाग_सर्व्हररूम

खूप आभार, वखारीचं उदाहरण आमच्या मालकांना पण सांगितलं, त्यांना लगेच पटलं.

पण आता खरा घोळ झालाय. स्टेटस बघितला, दोन्ही लनपुढं क्लोन सपोर्टेड असंच येतंय. सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेटेड मूव्ह पण 1 आहे, म्हणजे चालू. तरी काल परत क्लोन लावला तर एक तास 25 मिनिटं. स्विचच्या पोर्टवर बघितलं तर ट्रॅफिक पूर्ण भरलेला, म्हणजे डेटा बाहेर यायलायच की. सपोर्टेड म्हणतंय आणि करत नाही, हे कसं काय?

शहापूरकर_सध्या_बेंगळुरात

हीच गोष्ट मला लोकांना परत परत सांगावी लागते. सपोर्टेड म्हणजे बॉक्सला येतं एवढंच, तुझ्या ह्या क्लोनला ते वापरलं गेलं असं त्यातनं कळत नाही. काही अडलं की ईएसएक्सआय गुपचूप जुन्या पद्धतीनं स्वतः डेटा ओढायला लागतो. एरर येत नाही, लाल दिवा लागत नाही, काम होतं, फक्त हळू होतं. त्यामुळं कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं ही सोय विकत घेतलेली असून कुणाच्या लक्षात पण येत नाही की ती वापरात नाही.

होस्टवर ईएसएक्सटॉप (चालू कामाचे आकडे दाखवणारं टूल) चालू कर, डिस्क डिव्हाइसच्या पानावर जा, फील्डमध्ये व्हीएएआयचे आकडे चालू कर. क्लोन चालू असताना क्लोन रीड आणि क्लोन राईट वाढताहेत काय बघ, आणि क्लोन फेल्ड पण. तिथं शून्य असेल तर बॉक्सला विचारलेलंच नाही. फेल्ड वाढत असेल तर विचारलं, पण बॉक्सनं नाही म्हटलं. दोन्हींचा इलाज वेगळा.

उद्यमबाग_सर्व्हररूम

बघितलं. तिन्ही शून्य. म्हणजे विचारलंच नाही.

शहापूरकर_सध्या_बेंगळुरात

मग आता कारण शोधूया. होस्ट न विचारताच सोडून देतो ती कारणं ठरलेली आहेत. सोर्स आणि डेस्टिनेशन वेगवेगळ्या बॉक्सवर असतील तर नाहीच, तुझं तसं नाही. दोन डेटास्टोअरांचा व्हीएमएफएस (व्हीएमवेअरची फाईल सिस्टीम) ब्लॉक साइज वेगळा असेल तर नाही, जुना व्हीएमएफएस-3 वरनं वर आणलेला डेटास्टोअर असेल तर हे सापडतं. एकीकडं आरडीएम (व्हीएमला थेट दिलेला लन) आणि दुसरीकडं साधी डिस्क असेल तर नाही. सोर्स ईगर झिरो थिक (आधीच सगळीकडं शून्यं लिहून ठेवलेली) आणि डेस्टिनेशन थिन (लागेल तशी जागा घेणारी) मागितली तर नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा जे सापडतं ते म्हणजे व्हीएमवर स्नॅपशॉट पडून असणं, म्हणजे एका क्षणाची डिस्क तशीच गोठवून पुढचे बदल वेगळ्या फाईलीत ठेवलेले असणं. स्नॅपशॉट असला की क्लोन करताना मूळ डिस्क आणि वरचे बदल एकत्र जोडून नवी डिस्क करावी लागते, ते जोडायचं काम बॉक्सला येत नाही, त्याला फक्त ब्लॉक कळतात. म्हणून होस्ट स्वतः करतो.

तुझ्या ईआरपीवर स्नॅपशॉट आहे काय?

वडगावची_लॅब

मध्ये बोलते, मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. महागडा बॉक्स नसेल तरी हे सगळं शिकता येतं, विद्यार्थ्यांसाठी लिहितेय. साध्या लिनक्सवर एलआयओ टार्गेट आहे ना, म्हणजे लिनक्सच्या पीसीलाच स्टोरेज बॉक्स करणारा भाग, त्यात 2013 पासून, म्हणजे 3.12 कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) एक्सकॉपी आहे. एका जुन्या पीसीवर दोन लन करा, दुसऱ्या पीसीवरनं आयस्कझीनं जोडा, आणि एसजी3-युटिल्समधलं एसजी-एक्सकॉपी चालवा. शेजारी दुसऱ्या खिडकीत नेटवर्कचा आलेख लावा. आधी डीडीनं (लिनक्सची साधी कॉपीची कमांड) कॉपी करून दाखवा, आलेख छताला लागतो. मग एसजी-एक्सकॉपीनं तेच करा, आलेख जमिनीवर आणि टार्गेटच्या पीसीवर डिस्कचा दिवा मात्र चमकत राहतो. आमच्या पोरांना दोन तास फळ्यावर सांगून जे कळलं नव्हतं ते ह्या दोन मिनिटांत कळलं. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, म्हणजे डीडीला माहीतच नाही की दोन्ही लन एकाच घरातले आहेत." अगदी तेच आहे.

पण एक गंभीर गोष्ट पण सांगायला पाहिजे. ह्याच एलआयओच्या एक्सकॉपीत सुरक्षेचं मोठं भोक होतं, त्याचा यादीतला नंबर सीव्हीई-2020-28374. एक्सकॉपीच्या यादीत होस्ट लनचं नाव, म्हणजे त्याचा ओळख नंबर लिहून देतो, आणि टार्गेट तो नंबर आपल्या सगळ्या लनांमध्ये शोधत होतं, मागणाऱ्या होस्टला तो लन दिलेलाय काय हे न बघता. म्हणजे ज्याला एकच लन दिलाय तो दुसऱ्याच्या लनमधलं वाचू आणि लिहू शकत होता. 5.10.7 कर्नेलमध्ये दुरुस्त झालं. जुन्या कर्नेलवर कुणी एलआयओ चालवत असेल तर आजच अपडेट करा, आणि जमत नसेल तर इम्युलेट-थ्रीपीसी हा ॲट्रिब्युट तुमच्या कर्नेलात असला तर तो शून्य करून ही सोयच बंद ठेवा. वखारीच्या दिवाणजीनं फोनवरच्या आवाजावर विश्वास ठेवून शेजाऱ्याची पोती हलवली, तसं झालं हे.

चिकोडी_विंडोज

आमच्याकडं हायपर-व्ही (व्हीएम चालवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) आहे म्हणून ओडीएक्सबद्दल लिहितो, सुरुवातीला उद्यमबागवाल्यांनी विचारलं होतं. एक्सकॉपीसारखंच काम, पण विंडोजमधलं. विंडोज सर्व्हर 2012 पासून आलंय. पद्धत थोडी वेगळी. एक्सकॉपीत होस्ट एकाच कमांडमध्ये इकडनं तिकडं असं सांगतो. ओडीएक्समध्ये दोन पायऱ्या. आधी सोर्सला म्हणायचं, ह्या डेटाची पावती दे. बॉक्स 512 बाइटांचं टोकन देतो. मग ते टोकन डेस्टिनेशनला दाखवायचं, ह्या पावतीवरचा माल इथं उतर. वखारीचंच उदाहरण पुढं न्यायचं तर माल न हलवता पावती हातोहात फिरते. ह्याचा मोठा फायदा म्हणजे सोर्स एका सर्व्हरकडं आणि डेस्टिनेशन दुसऱ्या सर्व्हरकडं असला तरी पावती नेटवर्कवरनं देता येते. माझ्या लॅपटॉपवरनं एका शेअरमधली 40 जीबीची फाईल दुसऱ्या शेअरमध्ये टाकली तर ती वायफायवरनं माझ्याकडं येत नाही.

आम्हाला पण तुमच्यासारखंच झालं होतं, सगळं सपोर्टेड आणि वेग शून्य. आमच्यात कारण निघालं अँटीव्हायरस. फाईल सिस्टीमवर जे फिल्टर बसतात त्या प्रत्येकानं ओडीएक्स चालेल असं सांगावं लागतं, एकानं जरी नाही सांगितलं तरी सगळं बंद. एफएलटीएमसी इन्स्टन्सेस मारलं की सपोर्टेड फीचर्सच्या रकान्यात 3 पाहिजे, आमच्या अँटीव्हायरसपुढं 0 होता. नवी आवृत्ती टाकली, झालं. शिवाय बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन), कॉम्प्रेस केलेल्या फाईली, डीडुप (सारखा डेटा एकदाच ठेवणं), स्पार्स फाईली (मध्ये रिकाम्या जागा असलेल्या), ह्यांना ओडीएक्स नाही. 256 केबीपेक्षा लहान फाईलीला पण नाही, तिथं पावती फाडण्यातच जास्त वेळ जाईल.

उद्यमबाग_सर्व्हररूम

सापडलं!! ईआरपीवर स्नॅपशॉट होता, आणि तो पण दिसत नव्हता. स्नॅपशॉट मॅनेजरमध्ये रिकामं, पण डेटास्टोअर उघडून बघितलं तर डेल्टा फाईल, म्हणजे स्नॅपशॉटनंतरच्या बदलांची फाईल, पडलेली. आमचं बॅकअप सॉफ्टवेअर रात्री स्नॅपशॉट घेतं आणि काम झाल्यावर काढतं, पावसाळ्यात एका रात्री मध्येच लाईट गेली होती, तेव्हाचा राहिला असणार. आज रविवार, कारखाना बंद, कन्सॉलिडेट लावलंय, म्हणजे ते बदल मूळ डिस्कमध्ये मिसळायला. संध्याकाळी क्लोन लावतो आणि सांगतो.

खानापूर_डिप्लोमा

सर मी डिप्लोमाला आहे. प्रश्न मूर्खपणाचा असेल तर माफ करा. हे सगळं स्कझीचं झालं, आता एनव्हीएमई (एसएसडीशी बोलायची नवी भाषा) आलंय, तिथं पण आहे का? आणि लिनक्समध्ये साधं सीपी (फाईल कॉपी करायची कमांड) केलं तर आपोआप होतं का?

शहापूरकर_सध्या_बेंगळुरात

बाळ, प्रश्न चांगला आहे. एनव्हीएमईमध्ये कॉपी नावाची कमांड आहे, 2021 च्या एनव्हीएमई 2.0 मध्ये ती मूळ स्पेकमध्ये आली. सुरुवातीला एकाच नेमस्पेसच्या (लनसारखाच वाटा) आत, तुकड्यांची यादी द्यायची आणि ते सगळे एका जागी सलग लिहिले जातात. पुढं दुसऱ्या नेमस्पेसमधनं घ्यायची पण सोय झाली.

साध्या सीपीचं म्हणशील तर ब्लॉक लेव्हलचं एक्सकॉपी त्यातनं जात नाही. पण फाईलच्या लेव्हलला त्याचीच बहीण आहे, कॉपी फाईल रेंज नावाचा सिस्टीम कॉल, 2016 चा, कर्नेल 4.5 मध्ये आला. एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस ह्या लिनक्सच्या फाईल सिस्टीमवर, त्याच फाईल सिस्टीमच्या आत असेल तर ब्लॉक वाटून घेतले जातात, नकाशात ओळ घालण्यासारखंच. आणि एनएफएस (नेटवर्कवरनं फाईली वाटायची पद्धत) 4.2 असेल तर सर्व्हरच्या आत कॉपी होते, ते पण 2016 चं, आरएफसी 7862. तिन्हीकडं विचार एकच, जिथं डेटा आहे तिथल्यालाच काम सांगायचं.

आणि डिस्क होस्टवर एन्क्रिप्ट केलेली असेल, प्रत्येक लनला वेगळी किल्ली, तर बॉक्सला दिसतो तो नुसता गाळ. तो गाळ त्यानं दुसऱ्या लनवर नेला तर तिथल्या किल्लीनं उघडणार नाही. अशा ठिकाणी होस्टलाच हमाली करावी लागते, त्याला पर्याय नाही.

निपाणी_वखार

शाब्बास खानापूर, असंच विचारत राहा.

उद्यमबाग_सर्व्हररूम

मंडळी, 19 मिनिटं!!! तेच दोन लन, तोच 300 जीबी, तोच स्विच. क्लोन राईटचा आकडा पळत होता, स्विचच्या पोर्टवर जवळजवळ काहीच नाही. मी तिथंच खुर्ची घेऊन बसलो होतो बघत, घरी जेवायला बोलवायला फोन आला तरी उठलो नाही.

आता डोक्यात असं आलंय की एवढ्या लवकर होतंय तर रोज रात्री एक क्लोन काढून ठेवतो, सात दिवसांचे सात. बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं रिन्यूअल यंदा करू नये म्हणतोय, मालक पण खर्च कमी करा म्हणायलेत. कसं वाटतं?

निपाणी_वखार

दादा, हे करू नका. हात जोडून सांगतो. वखारीला आग लागली तर डावी खोली पण जाते आणि उजवी पण. तुमचे सातच्या सात क्लोन त्याच बॉक्समध्ये, त्याच डिस्कांवर, त्याच कंट्रोलरच्या भरवशावर. माझ्या ओळखीच्या एका ठिकाणी हेच झालं, कंट्रोलरनं मान टाकली, चार वर्षांचा हिशोब गेला, महिनाभर माणसं बिलांच्या वह्यांवरनं परत एंट्री करत बसलेली मी बघितल्यात. रात्री दोनला एक बाई रडत एंट्री करत होती. क्लोन टेस्टिंगला ठेवा. बॅकअप दुसऱ्या बॉक्सवर, आणि एक कॉपी दुसऱ्या इमारतीत.

वडगावची_लॅब

निपाणीकरांच्या प्रत्येक शब्दाला माझी सही. आणखी एक. जुन्या पद्धतीत डेटा होस्टच्या हातातनं जात होता, म्हणजे त्याला वाटलं तर जाताजाता चेकसम (डेटा बरोबर आहे काय हे पडताळायचा आकडा) काढता येत होता. एक्सकॉपीत होस्टनं एक बाइट पण बघितलेला नसतो, बॉक्स झालं म्हणतो आणि आपण मान्य करतो. बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण ज्या कॉपीवर पुढं काही अवलंबून आहे ती तपासल्याशिवाय खरी मानू नये. तुमच्या क्लोनचं तर सोपं आहे, तो वेगळ्या नेटवर्कवर चालू करा, डेटाबेसची कन्सिस्टन्सी चेक चालवा, दोन-तीन जुने इनव्हॉइस उघडून बघा. ह्यात थोडा डेटा तारेवरनं येईल, येऊ दे, फक्त एका बाजूनं येतोय.

शहापूरकर_सध्या_बेंगळुरात

अण्णा, दोघांचं ऐक. मालकांना सांग की क्लोन लवकर होतो हे रिन्यूअल थांबवायचं कारण नको, उलट दुसऱ्या छोट्या बॉक्ससाठी पैसे बाजूला ठेवा. आणि तो राहिलेला डेल्टा परत राहू नये म्हणून महिन्यातनं एकदा डेटास्टोअरमध्ये डेल्टा फाईली शोधायची सवय लाव. स्नॅपशॉट मॅनेजर रिकामा दिसला म्हणून सोडू नको, तुला आता माहीतच आहे. ट्रान्सफर साइज, म्हणजे एका कमांडमध्ये किती डेटा हलवायला सांगायचं ते, पण एकदा बघ, ईएसएक्सआय मूळचा एका कमांडला 4 एमबीच सांगतो, म्हणजे तुझ्या 300 जीबीला 76,800 कमांडा. मॅक्स एचडब्ल्यू ट्रान्सफर साइज 16 एमबीपर्यंत वाढवता येतो, पण बॉक्सच्या कंपनीनं चालतं म्हटलं तरच. 19 मिनिटं आहेत ती पण वाईट नाहीत, दिवसा लावणार असशील तर वाढवूच नको, डिस्कांवर एकदम ताण यायला नको.

उद्यमबाग_सर्व्हररूम

ऐकलं. रिन्यूअलचं मालकांशी बोललो, वखारीच्या आगीचं सांगितलं, त्यांनी लगेच सही केली, आणि दिवाळीनंतर दुसऱ्या शेडमध्ये एक छोटा बॉक्स घेऊया म्हणालेत. ट्रान्सफर साइजला हात लावत नाही. क्लोन वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) चालू केला, डेटाबेस चेक स्वच्छ आला, मार्चमधले इनव्हॉइस उघडले, बरोबर आहेत. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या व्हीएमचा क्लोन लावला होता आणि डिझाईनवाल्यांकडनं एक पण फोन आला नाही.

वडगावच्या मॅडम, तुमच्या लॅबची ती एलआयओची मांडणी खानापूरच्या पोराला बघायला मिळेल काय? मी पण येतो म्हणतोय, शनिवारी अर्धी सुट्टी असते.

वडगावची_लॅब

या की. दोन जुने पीसी आणि एक स्विच मांडून ठेवते. खानापूर, तू लॅपटॉप आणि नेटवर्कची एक केबल घेऊन ये.